जुन्या पद्मिनीत गाणी : खिसा, तारा आणि नववी-दहावीचं विज्ञान



दहावीतल्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी परवा एक प्रश्न विचारला. घरी आजोबांची प्रीमियर पद्मिनी आहे, चालू स्थितीत आहे. मुलाला तिच्यात गाण्यांची सोय करायची आहे आणि खर्च बारा हजारांच्या वर जाता कामा नये. एका दुकानदाराने त्यांना बेत सांगितला होता : हजार वॉटचा अँप्लिफायर, डिकीत बारा इंची वूफर आणि डॅशबोर्ड कापून मोठा टचस्क्रीन. वडिलांचा प्रश्न एवढाच, "सर, इतकं लागतं का हो?"

लागत नाही. खरं तर इतकं त्या गाडीला झेपतच नाही. आणि ते का झेपत नाही, हे सांगायला आपल्या मुलांकडे सगळं साहित्य आधीपासून आहे. नववीचे 'धाराविद्युत' आणि 'ध्वनीचा अभ्यास', दहावीचे 'विद्युतधारेचे परिणाम' हे तीन पाठ झालेला मुलगा दुकानात जायच्या आधी वहीत हिशोब मांडू शकतो. जुन्या गाडीत आधी हिशोब आणि मग खरेदी, हा क्रम उलटा झाला की पैसे तर जातातच, कधी कधी गाडीही जाते. म्हणून हा लेख थोडा सविस्तर लिहीत आहे. वर्गात जसाच्या तसा वापरला तरी हरकत नाही.

आधी गाडीची ओळख

पद्मिनी म्हणजे मूळची इटलीची फियाट ११००. मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात ती तयार होत असे. १९७० च्या दशकात तिला 'पद्मिनी' हे नाव मिळालं. १०८९ सीसीचं इंजिन, गिअरचा दांडा स्टीअरिंगजवळ, आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं रूप म्हणून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असलेली गाडी. टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून या टॅक्सीने निरोप घेतला. खाजगी गाड्या मात्र गावोगाव ताडपत्रीखाली जपलेल्या आहेत.

आपल्या कामाच्या दृष्टीने तिच्या दोन गोष्टी महत्त्वाच्या. एक, ती १२ व्होल्टची आहे आणि बॅटरीचं ऋण टोक गाडीच्या अंगाला, म्हणजे पत्र्याला जोडलेलं आहे. म्हणून आजचा सेट तिला चालतो. (सगळ्या जुन्या गाड्यांचं असं नसतं बरं का. काही जुन्या इंग्लिश गाड्यांत धन टोक पत्र्याला जोडलेलं असे, आणि काही गाड्या तर ६ व्होल्टच्या होत्या. तिथे आजचा सेट सरळ जोडला तर धूर निघेल. गाडी पद्मिनी नसेल तर पहिली तपासणी हीच.)

दुसरी गोष्ट, जुन्या पद्मिनीत वीज तयार करायला डायनामो असतो. नंतरच्या किंवा मागाहून बदल केलेल्या गाड्यांत अल्टरनेटर सापडतो. बॉनेट उघडून आपल्याकडे काय आहे ते बघून घ्या, कारण पुढचा सगळा हिशोब त्यावर आहे.

गाडीचा जमाखर्च

घरखर्चाची वही मांडतात तशी विजेची वही मांडायची. जमेच्या बाजूला डायनामो. त्या काळच्या डायनामोची क्षमता साधारण १६ ते २२ अँपिअरच्या घरात असे. आपण मधला आकडा धरू, २० अँपिअर. तोही इंजिन चांगल्या वेगात फिरत असताना. सिग्नलला गाडी उभी असते तेव्हा डायनामो जवळजवळ काहीच देत नाही, मीटरजवळचा लाल दिवा मिणमिणतो तो त्याचमुळे.

आता खर्च. पाऊस पडतोय आणि रात्र आहे असं समजा. हेडलाइटचे ४५ वॉटचे दोन दिवे म्हणजे ९० वॉट. शक्ती भागिले विभवांतर, ९० ÷ १२ = ७.५ अँपिअर. मागचे दिवे, नंबरप्लेटचा दिवा, मीटरचे दिवे मिळून २ अँपिअर धरू. ठिणगीच्या कॉइलला ४, वायपरला ३. बेरीज १६.५ अँपिअर. हॉर्न आणि ब्रेकचे दिवे यात धरलेलेच नाहीत. शिल्लक राहिली साडेतीन अँपिअर.

दुकानदाराचा 'हजार वॉट' जरा बाजूला ठेवू. अर्धाच, म्हणजे ५०० वॉटचा अँप्लिफायर खरोखर पूर्ण शक्तीने चालला आणि त्याची कार्यक्षमता ८० टक्के धरली, तर त्याला ६२५ वॉट पुरवावे लागतील. ६२५ ÷ १२ म्हणजे ५२ अँपिअर. शिल्लक साडेतीन, मागणी बावन्न! उरलेले कोण देणार? बॅटरी देणार, आणि ती बिचारी देत राहील तोवर हेडलाइट पिवळे पडतील आणि सकाळी घरच्या मंडळींना धक्का मारायला बाहेर यावं लागेल.

मग साडेतीन अँपिअरमध्ये गाणी वाजतात का? छान वाजतात. कारण गाणं म्हणजे सतत भरलेला आवाज नव्हे, तबल्याचा ठेका सोडला तर मधला बराचसा वेळ अगदी थोडी शक्ती लागते. चार स्पीकरना सरासरी दोन-दोन वॉट मिळाले तरी गाडीत बोलणं थांबवावं लागेल इतका आवाज होतो. साधा, ज्याला 'एबी' वर्ग म्हणतात तो अँप्लिफायर कमी आवाजावर फार ऊर्जा वाया घालवतो, तरी त्याचं काम सरासरी अडीच अँपिअरच्या आसपास भागतं. 'डी' वर्गाचा असेल तर एका अँपिअरमध्येही. जुन्या गाडीसाठी डी वर्ग घ्या म्हणतात ते याचसाठी. अल्टरनेटर असलेल्या गाडीला थोडी जास्त मोकळीक आहे, पण जमाखर्च तिलाही चुकत नाही.

गाडी उभी करून गाणी ऐकायची असतील तर वेगळा हिशोब मुलांकडून करून घ्या. ३५ अँपिअर-तासाची बॅटरी, सेट घेतो अडीच अँपिअर. चार तासांत १० अँपिअर-तास गेले. नवी बॅटरी हे सहन करेल. चार वर्षं जुनी, अर्धी थकलेली बॅटरी सहलीच्या ठिकाणी मान टाकेल.

खोक्यावरचा '५० × ४' कुठून येतो?

हा भाग मला स्वतःला फार आवडतो, कारण इथे मुलांना जाहिरात तपासता येते.

जवळजवळ प्रत्येक सेटच्या खोक्यावर '५० वॉट × ४' असं ठळक अक्षरात लिहिलेलं असतं. म्हणजे २०० वॉट. आता सेट उलटा करून मागचा फ्यूज बघा. बहुतेक वेळा तो १० अँपिअरचा असतो. इंजिन चालू असताना गाडीत १४.४ व्होल्ट मिळतात असं धरलं, तरी १० × १४.४ = १४४ वॉट. आत जातात जास्तीत जास्त १४४ आणि बाहेर पडतात २००? ऊर्जा अक्षय्यतेचा नियम सातवी-आठवीपासून पाठ असलेल्या मुलांना इथे हसू येतं.

तो ५० कुठून आला तेही सापडतं. बहुतेक स्पीकरचा रोध ४ ओहम. शक्ती म्हणजे विभवांतराचा वर्ग भागिले रोध. १४.४ चा वर्ग २०७.३६, त्याला ४ ने भागलं की ५१.८. हाच तो '५० वॉट'! म्हणजे स्पीकरला सतत पूर्ण विभवांतर दिलं तर येणारा आकडा. तसा आवाज म्हणजे संगीत नव्हे, निव्वळ फाटलेला घरघराट. स्वच्छ लहरीसाठी याच्या निम्मे, साधारण २६ वॉट, आणि अँप्लिफायरच्या आतलं थोडं नुकसान वजा केलं की २० वॉटच्या आसपास. हा खरा आकडा. वीस वॉट स्वच्छ मिळत असतील तर पद्मिनीच्या छोट्या आतल्या जागेत ते पुष्कळ आहेत.

म्हणून स्पीकर घेताना वॉट बघू नका, संवेदनशीलता बघा. ती डेसिबेलमध्ये दिलेली असते, १ वॉट दिल्यावर १ मीटरवर किती आवाज मिळतो त्याचा आकडा. ध्वनीची पातळी ३ डेसिबेलने वाढवायला शक्ती दुप्पट करावी लागते. म्हणजे ८६ डेसिबेलच्या स्पीकरला जो आवाज काढायला २० वॉट लागतात, तोच आवाज ९२ डेसिबेलचा स्पीकर ५ वॉटमध्ये काढतो. अँप्लिफायर चौपट मोठा करण्यापेक्षा चांगला स्पीकर निवडणं स्वस्त, आणि डायनामोवर बोजाही नाही. खोक्यावर 'कमाल ३०० वॉट' असं छापलेला स्पीकर प्रत्यक्षात आळशी असू शकतो, तो आकडा फक्त सहनशक्तीचा.

तारा : इथे काटकसर नको

बारा हजारांतले दोन हजार तारा, फ्यूज, लग आणि रिले यांच्यासाठी आधीच बाजूला काढून ठेवा. पालकांना हे पटत नाही, कारण तार दिसत नाही. पण हिशोब बघा.

बॅटरीपासून सेटपर्यंत ५ मीटर तार लागली असं समजू. तांब्याची रोधकता १.७ × १०⁻⁸ ओहम मीटर. १ चौरस मिलिमीटर जाडीच्या तारेचा रोध आला ०.०८५ ओहम. १० अँपिअर धारा गेली तर तारेतच ०.८५ व्होल्ट खर्ची पडले. तबल्याचा प्रत्येक ठोका पडला की सेटचं विभवांतर तेवढं खाली जातं आणि आवाज दबतो. ४ चौरस मिलिमीटरची तार घेतली तर नुकसान ०.२१ व्होल्टवर येतं. म्हणून ४ ची तार घ्या, आणि तीही खऱ्या तांब्याची. बाजारात वरून तांब्याचा मुलामा आणि आत अॅल्युमिनिअम अशी तार स्वस्तात मिळते. तिचा रोध दीडपटीहून जास्त. टोक चाकूने खरवडलं की आतला पांढरा धातू दिसतो, दुकानातच खरवडून बघायला लाजू नका.

आता फ्यूज, आपल्या पुस्तकातली वितळतार. यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण सगळ्या लेखात जिवाशी गाठ असलेली गोष्ट हीच.

सेटच्या मागे फ्यूज आहे, मग दुसरा कशाला, असं बरेच जण म्हणतात. सेटचा फ्यूज सेटचं रक्षण करतो. बॅटरीपासून सेटपर्यंतच्या पाच मीटर तारेचं रक्षण कोण करणार? ती तार बॉनेटखालून, पत्र्याच्या भोकातून, पायाखालून जाते. चाळीस-पन्नास वर्षांच्या गाडीत पत्र्याच्या कडा गंजून करवतीसारख्या झालेल्या असतात. थरथरून थरथरून एक दिवस आवरण कापलं गेलं आणि तांबं पत्र्याला लागलं की लघुपरिपथन. बॅटरीचा आतला रोध ०.०१५ ओहम धरू, १ चौरस मिलिमीटर तारेचा ०.०८५. एकूण ०.१ ओहम. १२ ÷ ०.१ = १२० अँपिअर. ज्यूलच्या नियमाने तारेत निर्माण होणारी उष्णता १२० × १२० × ०.०८५, म्हणजे सुमारे १२०० वॉट. घरातल्या इस्त्रीपेक्षा जास्त! एक इस्त्री पूर्ण तापवून रेक्झिनच्या गालिच्याखाली ठेवली आहे आणि दोन हातांवर पेट्रोलची नळी आहे, असं चित्र डोळ्यांसमोर आणा. जाड तारेत तर धारा आणखी जास्त वाहील.

म्हणून १५ अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरावर हवा. सेटजवळ बसवला तर उपयोग शून्य, कारण धोका त्याच्या आधीच्या तारेत आहे. तार पत्र्यातून जिथे आरपार जाते तिथे रबरी ग्रोमेट बसवायचा. आणि फ्यूज उडाला म्हणून त्याच्या जागी चांदीचा कागद किंवा तारेचा तुकडा घालायचा नाही, हे मुलांना दहा वेळा सांगा. तो उडाला याचा अर्थ त्याने काम केलं.

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचं ऋण टोक आधी सोडवायचं. धन टोक आधी सोडायला गेलात आणि पाना पत्र्याला टेकला तर वरचाच हिशोब तुमच्या हातातल्या पान्यावर होतो.

जुन्या वायपरच्या किंवा दिव्याच्या तारेला टोचा मारून सेटला वीज देण्याचा एक प्रघात आहे. कृपया नको. ती तार मुळात त्या दिव्यापुरती आहे आणि तिचं आवरण आता बिस्किटासारखं मोडतं. नवी तार, नवा फ्यूज, आणि चावी फिरवल्यावरच सेट चालू होईल असा रिले. पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळण्याऐवजी लग दाबून बसवा. ऋण तारेसाठी पत्र्यावरचा रंग खरवडून चकचकीत धातू काढा, तिथे नटबोल्टने लग घट्ट आवळा. रंग हा विद्युतरोधक आहे, एवढी एक गोष्ट विसरल्यामुळे निम्म्या तक्रारी येतात.

सेट आणि त्याच्या रंगीत तारा

डॅशबोर्ड कापू नका. मूळ रेडिओ बंद असला तरी जागेवर राहू द्या. ब्लूटूथची सोय असलेला छोटा सेट किंवा पातळ अँप्लिफायर हातमोज्यांच्या कप्प्यात किंवा डॅशबोर्डखाली पट्टीने टांगता येतो. फोन हाच रेडिओ. सुटं सर्किट बोर्ड आणून मुलाला स्वतः जोडायचं असेल तर गाडीसाठी म्हणून बनवलेली चिप घ्या, उदाहरणार्थ टीडीए ७३८८. गाडीतल्या विजेत अचानक मोठे झटके येतात, ते सोसण्याची व्यवस्था अशा चिपमध्ये असते. घरच्या वापराच्या बोर्डात ती असेलच असं नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, इथे हे सगळं सुटं मिळतं. जुन्या गाडीचे पत्र्याचे भाग हवेत तर कुर्ल्याचा सीएसटी रोड आहेच.

सेटच्या तारांचे रंग ठरलेले असतात. पिवळी कायम धन, लाल चावीबरोबर येणारी धन, काळी ऋण. पुढचा डावा स्पीकर पांढरी, पुढचा उजवा राखाडी, मागचा डावा हिरवी, मागचा उजवा जांभळी. त्याच रंगावर काळी रेघ असलेली तार म्हणजे त्या स्पीकरचं ऋण.

इथे जुन्या गाडीचा एक सापळा आहे. पूर्वीच्या रेडिओत स्पीकरची एक तार सरळ पत्र्याला जोडलेली चालत असे. आजच्या सेटमध्ये स्पीकरच्या दोन्ही तारांवर विभवांतर असतं, एकही तार पत्र्याला लागता कामा नये. जुनीच स्पीकरची तार वापरली आणि ती कुठे तरी पत्र्याला जोडलेली निघाली तर नवा सेट पहिल्याच गाण्याला जातो. म्हणून प्रत्येक स्पीकरला सेटपासून स्वतःच्या दोन नव्या तारा.

एकाच जोडीवर दोन स्पीकर लावायचा मोहही होतो. ४ ओहमचे दोन समांतर जोडले तर रोध २ ओहम, धारा दुप्पट, सेट तापून बंद. एकसर जोडले तर ८ ओहम, सेट सुखात पण शक्ती निम्मी. एकसर-समांतर जोडणीचा इतका जिवंत दाखला दुसरा नाही.

स्पीकरला पाठ हवी

नवा स्पीकर हातात धरून वाजवला तर पिचका वाटतो आणि पालक म्हणतात, फसलो. फसलेलं काही नसतं. पडदा पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. संपीडन आणि विरलन कडेवरून वळून एकमेकांना भेटतात आणि नाहीसे होतात. कमी वारंवारितेला हे जास्त होतं, कारण १०० हर्ट्झची तरंगलांबी ३४० ÷ १०० म्हणजे ३.४ मीटर, जवळजवळ अख्ख्या पद्मिनीच्या लांबीएवढी. तिला सहा इंचाच्या कडेवरून वळायला काय कष्ट?

उपाय स्वस्त आहे : पुढची हवा आणि मागची हवा वेगळी करायची. पद्मिनीला डिकी वेगळी आहे, ही चांगली सोय. मागच्या काचेखालची फळी काढून त्याच मापाची १२ मिलिमीटर प्लायची फळी करा, तिच्यात लंबगोल स्पीकर बसवा. खालच्या पत्र्यात आधीपासून उघडी जागा असेल तर डिकी हीच स्पीकरची पेटी होते. मूळची फळी जपून ठेवा. उघडी जागा नसेल तर पत्रा कापायचा नाही, बंद पेटी करायची. बाहेरून ३० × २५ × २० सेंटिमीटरची पेटी १५ लिटरची दिसते. प्लायची जाडी दोन्ही बाजूंनी वजा केली की आत २७.६ × २२.६ × १७.६, म्हणजे साधारण ११ लिटरच उरतात. पाच-सहा इंची स्पीकरला पुरतात. सांधे मात्र फेविकॉलने पूर्ण हवाबंद हवेत.

पुढचे स्पीकर पायाजवळच्या कोपऱ्यात, प्लायच्या छोट्या तिरक्या पेट्यांत. दारात बसवायचे झाले तर भोक पाडावं लागतं, काचेची यंत्रणा आड येते आणि पावसाचं पाणी दारातून खाली उतरतं. कोकणातल्या मंडळींना वेगळं सांगायला नको, पत्र्याला पाडलेलं भोक म्हणजे गंजाला दिलेलं आमंत्रण.

न कापण्याला आणखी एक कारण आहे. ५० वर्षांहून जुन्या गाड्यांची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी करण्याचे नियम केंद्र सरकारने २०२१ मध्ये केले. सांगाडा, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल केलेली गाडी त्यात बसत नाही. १९७४-७५ ची पद्मिनी आता त्या वयाला आली आहे. चार स्क्रू काढले की गाडी पुन्हा आजोबांची होती तशी झाली पाहिजे, ही कसोटी मी प्रत्येक कामाला लावतो.

पैसे उरले तर वूफरऐवजी बिटुमनचे चिकट तुकडे आणा. मागच्या फळीखाली, दाराच्या आतल्या पत्र्याला, पायाखाली जिथे टिचकी मारल्यावर डब्यासारखा आवाज येतो तिथे लावा. सगळीकडे लावायची गरज नाही, पत्र्याच्या मध्यभागी हातभर तुकडा पुरे. गाडीचा खडखडाट कमी झाला की तेच गाणं कमी आवाजावर ऐकू येतं, आणि हे काम मुलाला एकट्याला करू देता येतं.

गाण्यात शिरलेली कूंऽऽ आणि टिकटिक

सगळं जोडून झालं, गाणं लागलं, आणि मागून बारीक शिट्टी ऐकू येते. अँक्सिलरेटर दाबला की शिट्टी चढत जाते. ही डायनामोची किंवा अल्टरनेटरची देणगी, बहुतेक वेळा ऋण जोडणी ढिली असल्याची खूण. टिकटिक असेल तर ती ठिणगीची. स्पार्क प्लगची ठिणगी हा एक छोटा रेडिओ प्रक्षेपकच आहे. हाइनरिश हर्ट्झने विद्युतचुंबकीय लहरी दाखवल्या त्या ठिणगीनेच, आणि आपल्या जगदीशचंद्र बोस यांचे प्रयोगही ठिणगीवरचेच. पद्मिनीचं इंजिन मिनिटाला हजारो वेळा तोच प्रयोग करत असतं. रोध असलेल्या प्लगच्या तारा आणि कॉइलला संधारित्र लावलं की ती बरीच शांत होते. आणि आवाजाची तार गाडीच्या एका बाजूने, विजेची तार दुसऱ्या बाजूने न्यायची. शोध घेताना फोनची चार्जरची तार काढून बघा. शिट्टी गेली तर दोष चार्जरमार्गे येतोय, सेट खोलायची गरज नाही.

बारा हजारांची वाटणी

मी त्या पालकांना अशी वाटणी सुचवली : चार स्पीकरना ५,०००, सेटला ३,०००, तारा-फ्यूज-रिलेला २,०००, प्लाय, बिटुमन आणि रेक्झिनला १,५००, आणि ५०० हातचे. भाव गावागणिक वेगळे असतील, पण प्रमाण हेच ठेवा. कमी पडले तर मागचे दोन स्पीकर पुढच्या दिवाळीला घ्या. तारेत आणि फ्यूजमध्ये हात आखडू नका. बॅटरीकडची जोडणी अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या आणि मुलाला शेजारी उभं करा. सुतारकाम, स्पीकरच्या तारा, बिटुमन हे सगळं त्याचं.

वर्गासाठी

एक प्रयोग गाडीशिवायही होतो. जुना स्पीकर आणि दीड व्होल्टचा सेल आणा. सेलचं धन टोक स्पीकरच्या धन टोकाला क्षणभर टेकवलं की पडदा बाहेर येतो, उलट टेकवलं की आत जातो. चल कुंडल आणि फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम यासाठी फळ्यावर आकृती काढायची गरजच उरत नाही. मग दोन स्पीकर शेजारी ठेवून एकाच्या तारा मुद्दाम उलट जोडा आणि ढोलकीचं गाणं लावा. ठेका कुठे गेला, ते मुलांना शोधू द्या. आणि घरी करायला हे गणित द्या : वरच्या जमाखर्चात हेडलाइटचे दिवे ४५ ऐवजी ६० वॉटचे बसवले, तर पावसाळी रात्री गाण्यांसाठी किती अँपिअर शिल्लक राहतात?